मोकळं नाक

डॉक्टरांनी नलूताईंच्या नाकात डोकावून बॅटरी विझवली आणि म्हणाले, "सायनस अगदी मोकळा झालाय. आता स्प्रे बंद."

सावे सरांचा चेहराच पडला. "आणखी महिनाभर राहू दे ना," ते घाईघाईने म्हणाले. "उगाच पुन्हा चोंदायला नको."

बायकोची काळजी होतीच, पण खरी गोम वेगळी होती. नलूताईंचं डोकं ठणकायला लागल्यापासून सरांनी जन्मात पहिल्यांदाच स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. शेजारणीची करपलेली फोडणी घरबसल्या ओळखणारी ही बाई त्यांच्या हातचं मुकाट्याने जेवत होती. परवा तर तिने उपमा पुन्हा मागून घेतला होता! आपल्या हाताला चव आहे, असं सर तेव्हापासून सोसायटीभर सांगत सुटले होते. आता ते नाक पुन्हा कामावर रुजू होणार!

"वास कधीपासून येतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले की पंधरा दिवस," नलूताई म्हणाल्या.

सर बायकोकडे वळले. "म्हणजे परवाचा उपमा..."

"करपला होता." नलूताईंनी शांतपणे पदर सावरला. "पण एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आयती बशी हातात आली. नाक मुरडलं असतं, तर तुम्ही झारा खाली ठेवला असता."

मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "स्प्रे नको तर राहू दे. पण मी महिनाभर गॅसजवळ जायचं नाही, एवढं मात्र कागदावर लिहून द्या."