तांबडी आयरिस

वसाहतीतल्या प्रत्येक नळाशेजारी आयरिसची कुंडी होती. तिला त्याच नळाचं पाणी मिळे. फूल निळं असलं तर पाणी भरायचं, कारखान्याचं सांडपाणी मिसळून तांबडं झालं तर रिकामा हंडा घेऊन परतायचं. एका वर्षी फुलं इतक्यांदा तांबडी झाली, की कारखान्यावर मोर्चे येऊ लागले.

कारखान्याचे संचालक सबनीस यांनी कारखान्याच्याच रोपवाटिकेच्या प्रमुख इंद्रायणी तोरसकर यांना बोलावलं.

"बाई, मला कायम निळंच राहणारं फूल हवंय. लोकांची भीती तरी जाईल."

इंद्रायणीबाई हो म्हणाल्या नाहीत, की नाही म्हणाल्या नाहीत. तीन बहर त्या संकर करत राहिल्या. नवी रोपं फुलल्यावर सबनीसांनी पत्रकार बोलावले आणि स्वतःच्या हातांनी कुंडीत नळाचं पाणी घातलं. बघता बघता निळ्या पाकळ्या रक्तासारख्या तांबड्या झाल्या.

"हे काय केलंत?" सबनीस ओरडले.

"जुन्या फुलाला रंग बदलायला दिवस लागायचा. तेवढ्यात माझी बहीण ते पाणी प्यायली. अजून दवाखान्यात आहे. हे फूल लगेच सांगतं."

"उपटून टाका ते! आणि उद्यापासून कामावर येऊ नका."

"नाही येणार. पण उपटणार किती? सकाळीच सगळ्या नळांवर नव्या कुंड्या ठेवून आलेय."

त्या फाटकाबाहेर पडल्या, तर समोरून वसाहतीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन कारखान्याकडेच येत होत्या. इंद्रायणीबाईंनी एकीच्या हातातला हंडा घेतला आणि त्यांच्या पुढे होऊन पुन्हा फाटकाकडे वळल्या.