ओंजळ

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात गरमसूरचा डोंगर चढायची कल्पना रूपरावची. सोबत कॉलेजातले दोन मित्र: गुणवंत आणि बौद्धपुऱ्यातला प्रेमदास. रूपरावच्या खांद्याला पुलगावच्या बाजारातून आणलेली मिलिटरीची वॉटरबॅग होती. वाटेत तो नि गुणवंत तिला तोंड लावून प्यायले; प्रेमदासच्या ओंजळीत रूपरावने वरून धार सोडली, घरच्या अंगणात सोडायचा तशीच. माथ्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यात शिरलं होतं आणि पाणी तळाला गेलं होतं. प्रेमदासने ओंजळ धरली. “सांडन बे,” रूपराव म्हणाला, “तोंड लाव.” प्रेमदास दोन घोट प्यायला. उरलेलं त्या दोघांनी तसंच तोंड लावून संपवलं, कोणी काठ पुसला नाही. पायथ्याच्या विहिरीवर रूपरावने वॉटरबॅग काठोकाठ भरली. दोघं प्यायले. मग त्याने ती उंच धरली. “धर ओंजळ.” प्रेमदासने हात खालीच ठेवले नि विचारलं, “काऊन? आता पानी भेटलं म्हून?”