शबनूरची पट्टी

"थांबा, थांबा!" आरिफनं तोंडातून क्लॅरोनेट काढलं. "पुन्हा तेच. शबनूर ऐकूच येईना."

शाहूपुरीतल्या बँडच्या त्या एवढ्याशा दुकानात सगळे सकाळपासून कोंबून बसले होते आणि एकेकाचा जीव मेटाकुटीला आला होता. संध्याकाळी हुपरीत वरात. मागच्या वरातीत, इचलकरंजीला, नवरदेवाचा मामा बँडच्या गाडीजवळ येऊन ओरडला होता, "बाई नुसतंच तोंड हालवतीया व्हय?" गाणारी शबनूर, आरिफची बहीण, त्या रात्री जेवली नव्हती. आजही तसंच झालं तर बाहेरची गाणारी आणायची, असं बँडवाल्यांनी ठरवून टाकलं होतं. तेही तिच्यादेखत.

शबनूरचा आवाज खालचा, भरदार. वर चढवायला गेलं की फाटायचा. म्हणून आरिफनं वाद्यांशीच झोंबी घेतली होती. गाण्याची पट्टी खाली आणली. ट्रंपेटवाल्यांना ओळ संपल्यावरच फुंकायला सांगितलं. स्वतःचं क्लॅरोनेट पार वर नेलं. जोतीरामच्या ढोलावर टॉवेल टाकला. तरी आवाज आपला गायबच! कुठं गायब होतोय ते त्याला चांगलं ठाऊक होतं, पण त्या कोपऱ्याकडं बघायची त्याची टाप नव्हती.

कोपऱ्यात इमाममास्तर बसले होते. बँडचे मालक आणि या दोघांचे अब्बा. मांडीवर त्यांचं युफोनियम, पोटाशी धरून फुंकायचं ते जाडजूड पितळी वाद्य. त्याचा सूरही खालचा आणि भरदार.

"जोतीराम, तू जरा दाराकडं सरक," आरिफ म्हणाला.

"आता काय रस्त्यात बसू?" जोतीराम उखडला. "सगळ्यांस्नी गप केलंस, एकाला सोडून. त्येस्नी सांग की!"

मास्तर वाद्याच्या कळांना तेल घालत बसले होते. ऐकलंच नाही जणू.

"अब्बा," शेवटी शबनूरच बोलली, "तुमचा अन् माझा सूर एकाच जागी येतोय."

"येणारच की! बाप-लेकीचा हाय."

सगळं दुकान हसलं. शबनूर हसली नाही.

"दोघांतला एकच ऐकू येतोय, अब्बा. तुमचा."

आता काही खरं नाही, आरिफला वाटलं. त्या माणसाला आजवर कुणी 'थांबा' म्हटलं नव्हतं. मास्तर उठले. युफोनियम भिंतीला टेकवलं आणि चप्पल न घालताच बाहेर गेले.

"बोलवू?" आरिफनं विचारलं.

"न्हाय." तिचे डोळे भरले होते. "वाजवा."

पहिली ओळ थरथरली. दुसऱ्या ओळीला तिनं पाय रोवले आणि दुकान भरून गेलं. "आयला, हिला एवढा आवाज हाय?" जोतीराम पुटपुटला आणि त्याचा ठोका चुकला. आरिफला आनंद झाला, पण नजर काही दारावरून हलेना. अब्बा रागानं निघून गेले तर हुपरीला बँड न्यायचा कुणी? आणि घरी तोंड कसं दाखवायचं?

मास्तर कुठंच गेले नव्हते. रस्त्यावर, दुकानाकडं पाठ करून उभे होते. उजव्या हाताची बोटं सदऱ्याच्या बटणांवर हलत होती, एकेक सूर दाबत. समोरचा चहावाला गुंडू किटली घेऊन आला.

"मास्तर, आज तुमी भाईर? च्या किती—"

मास्तरांनी तोच हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला. गाणं संपेपर्यंत काढला नाही.