मऊ सीट

महिनाभर तिसगावला थोरल्याकडं आणि महिनाभर शेवगावला धाकट्याकडं, असं रंगुबाईचं चाललं होतं. मोटरसायकलवर मागं बसून जाताना खड्ड्यांनी तिची कंबर धरायची. उद्या शेवगावला निघायचं, तर थोरला वाल्मिक सकाळपासून ओट्यावर सीट उसवून बसला होता. मागच्या बाजूला जाड फोम घालून त्यानं वरचं रेक्झिन दाभणानं शिवत आणलं.

"हात लावून बघ, आई."

रंगुबाईनं सीट दाबून बघितली अन् तिला भरून आलं.

"लई मऊ झालीय रे. एवढा फोम आणला कुठनं?"

"तुझ्या गादीतला कापला."

"आन् म्होरल्या महिन्यात आल्यावर मी निजू कशावर?"

वाल्मिकनं मान वर केली नाही. शिवण पुरी झाली होती, तरी तो दाभण चालवतच राहिला.