मागचं दार रोज उघडं असतं

“आणि मागचं दार?” मुकादमाने विचारलं.

“रोज उघडं असतं!” शिलाईच्या हॉलमधल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

मुकादम खूश झाला. शाळेतल्या पोरांनीही पाढे इतके घोकले नसतील. कपाळावरचा घाम पुसत त्याने शेवटचा दम भरला, “कंपनीच्या तपासनीस मॅडम येतच असतील. त्यांची सही झाली नाही, तर हे काम दुसऱ्या कारखान्यात जाईल आणि तुम्ही बसाल घरी. शिकवलंय तेवढंच बोला. एक अक्षर जास्त नको.”

हे शेवटचं त्याने मावशीकडे बघून म्हटलं. मावशी म्हणजे हॉलमधली सगळ्यात जुनी शिवणारी. तिच्या तोंडाला लागायची मालकाचीही छाती नव्हती. पण आज तीसुद्धा मुकाट बसली होती. शेजारच्या मशीनवर तिची सून होती, आणि घर या दोघींच्याच हातांवर चाललं होतं.

मागचं लोखंडी दार मावशीच्या मशीनला अगदी खेटून होतं. बायका कपडे पळवतील या भीतीने मालकाने ते वर्षानुवर्षं कुलपात ठेवलं होतं. आज सकाळी उघडायला गेले, तर किल्ली कुठे आहे तेच कुणाला आठवेना. शेवटी कुलूप करवतीने कापावं लागलं. गेल्या वर्षी चिंध्यांच्या ढिगाने पेट घेतला, तेव्हा सगळ्या बायका पुढच्या एकाच दारावर तुटून पडल्या होत्या. आग विझली, पण त्या चेंगराचेंगरीत सुनेचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून ते कुलूप मावशीच्या डोळ्यांत सलत होतं.

तिचं काम कॉलरच्या आत कंपनीची पट्टी शिवायचं. पट्टीवर एक हिरवं पान होतं आणि खाली सुबक अक्षरं, ‘हा कपडा बनवताना ना मातीला इजा झाली, ना माणसाला.’ मातीचं मावशीला ठाऊक नव्हतं. माणसाचं ती रोज सुनेच्या चालण्यात बघत होती.

मॅडम आल्या. त्यांनी नवे पंखे पाहिले, पिण्याचं पाणी पाहिलं, भिंतीवर कालच टांगलेल्या वाळूच्या बादल्या पाहिल्या. प्रश्न विचारले. बायकांनी धडाधड उत्तरं दिली. मागचं दार? रोज उघडं असतं! मॅडमनी मान डोलावली आणि सहीसाठी पेन काढलं. मुकादमाचा जीव भांड्यात पडला.

“अरे हो, एक राहिलंच,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आगीच्या भोंग्याचं बटण दाबलं.

याची तालीम कुणी घेतली नव्हती. भोंगा बोंबलू लागला. बायका ताडकन उठल्या आणि पुढच्या दाराकडे पळत सुटल्या. कुणी काही ठरवलं नव्हतं. पायच तिकडे वळले. दारात ही झुंबड उडाली. मुकादम स्टुलावर चढून हातवारे करत ओरडत होता, “मागून! अगं बायांनो, मागून!”

भोंग्यापुढे त्याचं कोण ऐकतंय!

मागच्या दारातून गार वारा येत होता. “आई, इकडे! आज उघडंय!” सून म्हणाली आणि तिकडे वळली. मावशीही वळली. आणि थबकली. आपण दोघी इथून बाहेर पडलो, की मॅडम म्हणतील, दार कामाला येतंय. सही होईल. उद्या नवं कुलूप येईल.

तिने सुनेचं मनगट धरलं. “नको. उद्या जिकडून पळावं लागेल, तिकडूनच चल.”

सुनेने सासूच्या खांद्यावर हात टाकला. भोंगा कोकलत होता आणि त्या दोघी मॅडमच्या समोरून, सगळा हॉल ओलांडत, लंगडत निघाल्या. सुनेच्या प्रत्येक पावलाला मावशीचा जीव तुटत होता. पण तिने मागे वळून बघितलं नाही.

मॅडमनी भोंगा बंद केला. त्या मागच्या दाराशी गेल्या. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

“हे दार रोज उघडं असतं ना?”

“रोज उघडं असतं!” पुढच्या दारात चेंगरलेल्या बायका घोकल्याप्रमाणे ओरडल्या.

“मग इथून एकही बाई कशी गेली नाही?”

याचं उत्तर कुणाला शिकवलेलं नव्हतं.

“सवय नाही हो, मॅडम,” मावशी म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“यापुढे कुलूप लावणार नाही, मॅडम, शब्द देतो,” मुकादम गयावया करू लागला.

“कुलूप लावता येईल असं तिथे काही ठेवूच नका,” मॅडम म्हणाल्या. “दार काढा. मग सही.”

आणि मुकादमाने स्वतः, बाह्या सरसावून, हातोडा घेऊन, गंजलेल्या बिजागऱ्या ठोकून काढल्या. लोखंडी दार धाडकन बाहेर पडलं. हॉलमध्ये जो ओरडा झाला, त्यापुढे भोंगाही फिका पडला असता. सून हसता हसता रडत होती. मावशीला तर काय करू नि काय नको असं झालं होतं.

संध्याकाळी सुट्टी झाली. बसथांबा पुढच्या बाजूला होता. तरी सगळ्या बायका मागून बाहेर पडू लागल्या. सगळ्यांच्या पुढे मावशीची सून होती.

“अगं, लांब पडेल ना!” मुकादम ओरडला.

“पडू दे,” मावशी म्हणाली. “सवय करतोय.”