कोर्टाची तालीम

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या कोर्टात तारीख होती. सतरा वर्षांच्या पुष्पांजलीकडून मोठेबाबा, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, उत्तरं पाठ करून घेत होते. जीप त्यांची, खुर्ची त्यांची, म्हणून जजही तेच झाले होते.

“सांग, गाडी कोनाले इचारून नेली?”

“कोनालेच नाई.”

“अन् किल्ली?”

“खुंटीवरून चोरली.”

“शाब्बास! आवाज अजून पडू दे.”

“मोठेबाबा, गाव मले चोर म्हनीन.”

“गाव इसरते. अठराच्या आतल्या पोरीले गाडी देल्ली म्हून माह्यावर केस झाली त सोयरे काय म्हनतीन?”

हे सोयरे याच महिन्यात जुळले होते. मोठेबाबांच्या मुलासाठी, ज्ञानेश्वरदादासाठी, मुलगी पाहायला सगळे मेहकरकडच्या एका गावी गेले होते. नवरदेवानं स्वतः गाडी चालवत जाणं बरं दिसत नाही, म्हणून स्टिअरिंगवर पुष्पांजली बसली. “आमच्या घरच्या पोरी जीप चालवतात,” असं मोठेबाबांनी बैठकीत ऐटीत सांगितलं. मुलगी पसंत पडली, तशी पेढे आणायला पुष्पांजलीलाच एकटीला मेहकरला पिटाळलं. परत येताना, पेढ्यांचे पुडे शेजारच्या सीटवर असताना, पोलिसानं हात दाखवला.

“चाल, पुन्हा पहिल्यापासून,” मोठेबाबा खुर्चीत ताठ बसत म्हणाले. “अन् आता मले मोठेबाबा म्हनू नको. मी जज हाये. बोल, किल्ली कोनं देल्ली?”

पुष्पांजलीनं पडलेली मान वर केली आणि थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“तुमीच देल्ली, साहेब.”