विहीणबाई दारं उघडत सुटल्या

काल लेकीच्या लग्नात दोनशे माणसांच्या गळ्यात पडले, रीतीप्रमाणे खांद्यावर जिवंत टर्की पक्षी घेऊन पहाटेपर्यंत नाचले. आज डोकं पार बधिर झालं होतं. कुणी नुसती हाक मारली तरी रडू फुटेल असं वाटत होतं. पण आमच्या मेक्सिकोतल्या ओआहाकात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळं वऱ्हाड उरलंसुरलं जेवायला परत येतं, आणि मुलीची आई हसतमुखाने समोर नसली तर तो व्याह्यांचा अपमान.

मी मक्याच्या कोठीत पोत्यांमागे जाऊन बसले. धाकट्या बहिणीने शोधून काढलंच.

"ताई, ऊठ बाई! विहीणबाई घरभर फिरतायत, एकेक दार उघडून बघतायत. चेहरा असा, की आता भांडणच होणार."

"सांग, चर्चमध्ये गेलेय."

"पाद्रीबाबा अंगणात जेवतायत! त्यांच्यादेखत सांगू?"

ती दार नुसतं लोटून पळाली. मग जड पावलं जवळ आली. आता लेकीला जन्मभर टोमणे. मी पोत्यांमागून उठले आणि ओठ ताणून हसू आणलं.

विहीणबाई ओतिलिया पाठमोऱ्याच आत शिरल्या. त्यांनी आतून कडी घातली, दाराला कपाळ टेकलं, मोठा सुस्कारा सोडला. वळल्या आणि मला बघून त्यांचे डोळेच भरून आले.



"अहो, तुमच्या घरात एक तरी खोली रिकामी आहे का हो?"